गेम विकत घेताना रिव्ह्यूंचे किती ऐकावे?

प्रश्न : पडवीतला, नाशिक

मोठ्या कंपन्यांच्या नव्या गेमची किंमत आपल्याकडे आता चार-पाच हजारांच्या घरात गेली आहे, आणि एवढे पैसे घालायचे म्हणजे आमच्या घरी आधी चार ठिकाणचे रिव्ह्यू वाचले जातात. अडचण अशी, की जितके जास्त वाचावे तितका निर्णय लांबत जातो. एका संकेतस्थळाने दहापैकी नऊ गुण दिलेल्या गेमला स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंनी ‘मिक्स्ड’ म्हणजे संमिश्र शेऱ्यावर आणून ठेवलेले असते, यूट्यूबवर एक जण त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवतो, तर दुसऱ्याच्या व्हिडिओच्या चित्रावरच ‘पैसे वाया’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते. माझ्या धाकट्या भावाने यावर सोपा उपाय काढला आहे : समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८०च्या खाली असलेल्या गेमकडे पाहायचेच नाही. मला तो पटत नाही, कारण मी सर्वांत जास्त काळ खेळलेले काही गेम सत्तरीतले आहेत.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रिव्ह्यू वाचून आपला निर्णय खरोखर बदलतो का, की मनात आधीच ठरलेल्या खरेदीवर शिक्का मारून घेण्यासाठी आपण ते वाचतो? आणि समीक्षकांचे गुण व खेळाडूंची मते यांत तफावत असेल, तर वजन कोणाला द्यावे? माझ्याकडे पीएस५ हा सोनीचा कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र) आहे आणि भाऊ लॅपटॉपवर खेळतो. उत्तर कदाचित त्यावरही अवलंबून असेल.

प्रतिसाद १ : सह्यवारा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेमगणिक बदलते. ज्या गेमची दोन-तीन वर्षे हवा केलेली असते, त्याची बरीचशी खरेदी रिव्ह्यू येण्याआधीच उरकलेली असते. ‘सायबरपंक २०७७’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला, तोवर सुमारे ८० लाख लोकांनी त्याची प्री-ऑर्डर नोंदवून टाकली होती. पहिले रिव्ह्यू आले ७ डिसेंबरला, म्हणजे अवघे तीन दिवस आधी, आणि त्यांची सरासरी नव्वदीच्या आसपास होती. मात्र ते सगळे पीसीवर खेळून लिहिलेले होते. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलसाठीच्या प्रती गेम बनवणाऱ्या कंपनीने समीक्षकांना आधी दिल्याच नव्हत्या, आणि स्वतः खेळताना चित्रित केलेली दृश्ये गेम बाजारात येण्यापूर्वी दाखवायलाही मनाई होती. व्हिडिओत वापरायची ती कंपनीने पुरवलेली दृश्ये.

जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो ते लोकांनी पैसे मोजून घरी पाहिले. अडखळणारे चित्र, मध्येच बंद पडणारा गेम, रस्त्यावर हवेतून उगवणारी माणसे असे सगळे काही त्यात होते. सोनीने आठवडाभरातच आपल्या स्टोअरवरून तो काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. गेम तिथे पुन्हा दिसला तो जून २०२१ मध्ये. एवढी बोंब होऊनही, परताव्याच्या मागण्या वजा करून, २० डिसेंबरपर्यंत १ कोटी ३० लाख प्रती विकल्या गेल्याचे गेम बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले होते.

यात समीक्षक खोटे बोलले असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर जे दिसले ते लिहिले, आणि पीएस४ बाळगणाऱ्या वाचकाने आपल्याशी ज्याचा काही संबंध नाही असा मजकूर वाचून समाधान करून घेतले. म्हणून मी रिव्ह्यू उघडला की गुण नंतर पाहतो. तो कोणत्या यंत्रावर खेळून लिहिला आहे ही ओळ आधी शोधतो. ती ओळ सापडत नसेल, तर तो रिव्ह्यू माझ्यापुरता बाद.

दुसरे असे, की रिव्ह्यूवर तारीख असते आणि ती आपण वाचत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये याच गेमला २.० ही मोठी सुधारणा आणि ‘फँटम लिबर्टी’ ही जोडकथा मिळाली, आणि त्यानंतर खेळाडूंचे मत उघडपणे पालटले. समीक्षकाने पुढे गुण बदलले तरी मेटाक्रिटिक त्याचा पहिलाच आकडा धरून ठेवते. त्यामुळे जुना गेम सेलमध्ये घेणारा माणूस मेटाक्रिटिकवर पाहतो तो आकडा बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातल्या गेमचा असतो, आणि त्याच्या हातात पडणारा गेम वेगळाच असतो. हे दोन्ही दिशांनी घडते, गेम सुधारतो तसा बिघडतोही, हेही लक्षात असू द्यावे.

प्रतिसाद २ : चहाबाज, ठाणे

सह्यवारा यांचे पटले. स्टीमबद्दल थोडी भर घालतो, कारण आपल्या भावाला त्याचीच जास्त गरज पडणार आहे.

स्टीमवर खेळाडू गुण देतच नाहीत. ‘हा गेम इतरांना सुचवाल का’ एवढ्याच प्रश्नाला अंगठा वर किंवा खाली असे उत्तर द्यायचे असते, आणि दिसणारी टक्केवारी ही अंगठा वर करणाऱ्यांची असते. ९५ टक्क्यांवर गेलेल्या गेमला, मते ५०० हून अधिक असतील तर, ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’ हा शेरा मिळतो. ४० ते ६९ टक्क्यांना ‘मिक्स्ड’. आता जो गेम सर्वांनाच बरा वाटला पण कोणाच्याही मनात राहिला नाही, तो सहज नव्वदीपार जातो. आणि ज्याच्यावर निम्मे लोक जीव टाकतात व निम्मे वैतागून सोडून देतात, तो ‘मिक्स्ड’मध्ये अडकतो. आपले सत्तरीतले लाडके गेम बहुधा या दुसऱ्या जातीचे असावेत. कामाचा भाग असतो तो मताशेजारी छापलेल्या तासांचा. ९०० तास खेळून अंगठा खाली करणारा माणूस गेम वाईट आहे असे सांगत नसतो, नव्या बदलांवर रुसलेला असतो. आणि अर्ध्या तासात अंगठा वर करून विनोद लिहिणाऱ्याकडून आपल्याला काहीच कळत नाही. मी वीस-तीस तास खेळलेल्यांची नापसंतीची मते आधी वाचतो. कंटाळा कुठे सुरू झाला ते त्यांना नेमके सांगता येते.

मतांचा वापर निषेधासाठीही होतो, आणि तिथे टक्केवारी पूर्ण फसवते. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसीवरील खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्क या आपल्या ऑनलाइन सेवेचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा काही दिवसांत दोन लाखांवर नापसंतीची मते पडली आणि कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या देशांत ती सेवाच नाही तिथल्या ग्राहकांची तक्रार रास्त होती. भारतात मात्र सेवा उपलब्ध आहे, आणि गेम खेळायला होता तसाच उत्तम होता. त्या दिवसांत नुसती टक्केवारी पाहून मागे फिरलेल्या आपल्याकडच्या ग्राहकाने उगीचच हात आखडला. अशा वेळी स्टीमवरचा मतांचा आलेख पाहावा. कोणत्या दिवशी लाल पट्टी एकदम खाली गेली ते त्यात लगेच दिसते.

मेटाक्रिटिकवरही हे घडते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ जून २०२० मध्ये आला त्याच दिवशी शून्य गुणांचा पाऊस पडला, आणि गेम इतका लांब आहे की तो संपवून कोणी मत दिले असणे शक्यच नव्हते. त्यानंतर त्या संकेतस्थळाने नव्या गेमवर खेळाडूंची मते घेण्याआधी ३६ तासांची वाट पाहायला लावण्याचा नियम केला.

प्रतिसाद ३ : खटपट्या, पुणे

मी एका छोट्या स्टुडिओत काम करतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून लिहितो. ज्यांची जाहिरात टीव्हीवर लागते त्यांचे रिव्ह्यूंशिवाय फारसे अडत नाही. आमच्यासारख्यांचे सगळेच अडते. स्टीमवर पहिली १० मते येईपर्यंत गेमच्या नावाखाली शेराच उमटत नाही, आणि शेरा नसलेल्या गेमवर अनोळखी माणूस पैसे टाकायला कचरतो. मित्रमंडळींना गेम मिळवण्याचे फुकट कोड वाटून ही बेगमी करता येत नाही, कारण २०१६ पासून शेरा ठरवताना स्टीमवर थेट विकत घेतलेल्या प्रतींचीच मते मोजली जातात. नियम चांगला आहे, पण पहिले दोन आठवडे आम्हाला झोप लागू देत नाही.

आकड्यांचे ओझे बनवणाऱ्यांवरही पडते. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या २०१० मधल्या गेमची मेटाक्रिटिक सरासरी ८४ झाली आणि करारातला बोनस ८५ला होता, हे ऑब्सिडियन या स्टुडिओचे एक संस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. तो गेम आज त्या मालिकेतला सर्वांत आवडता म्हणून अनेक जण सांगतात. आपल्या भावाच्या ८०च्या रेषेविषयी मला एवढेच म्हणायचे आहे, की कोणत्या समीक्षकाच्या मताला किती वजन दिले हे मेटाक्रिटिक सांगत नाही. त्यामुळे ७९ आणि ८१ यांतला फरक आपण समजतो तितका खरा नसतो.

आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्यायचे, तर नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आणि मग ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांमध्ये पदार्पणातल्या स्वतंत्र गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. परदेशी समीक्षकांनी त्यातल्या वास्तूंचे, रंगांचे आणि पुराणकथांचे मनापासून कौतुक केले, आणि तितक्याच जणांनी गेम छोटा आहे व शेवट मध्येच तुटतो अशी तक्रार केली. गंमत अशी, की माझ्या ओळखीतल्या एकाने ‘चार-पाच तासांत संपतो’ हे वाक्य वाचून तो सेलपर्यंत पुढे ढकलला. दुसरीने तेच वाक्य वाचून त्याच शनिवारी घेतला, कारण नोकरी आणि लहान मूल सांभाळून तिला तेवढाच वेळ मिळत होता. समीक्षकाने दोष म्हणून लिहिलेली गोष्ट नेमकी काय आहे हे त्याने स्पष्ट सांगितले असेल, तर त्याचे मत कसेही असो, रिव्ह्यू उपयोगी पडतो. नुसते ‘निराशा झाली’ लिहिणाऱ्याचा आम्हालाही उपयोग नाही आणि तुम्हालाही नाही.

प्रतिसाद ४ : डिस्कवाला, कोल्हापूर

वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली. रिव्ह्यूवर किती विसंबावे हे गेम आवडला नाही तर पैसे परत मिळण्याची सोय किती आहे यावर ठरते, आणि ती दोघा भावांसाठी वेगवेगळी आहे.

लॅपटॉपवाल्याला स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परतावा मिळतो. त्याने रिव्ह्यूंवर रात्र घालवण्यापेक्षा गेम घेऊन दीड तास स्वतः खेळून पाहावा. आपल्या लॅपटॉपवर तो नीट चालतो की नाही हे कोणत्याही समीक्षकापेक्षा त्याला जास्त कळेल. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केले की साधारणपणे परताव्याचा हक्क गेला, त्यामुळे तिथे रिव्ह्यू हाच आधार. ज्यांच्या पीएस५ला डिस्कची खाच आहे त्यांच्यापुरता मधला मार्ग उरतो : डिस्क घ्यावी, गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर महिन्याभरात विकून टाकावी. नव्या गेमच्या डिस्कला सुरुवातीच्या काळात भाव बरा येतो. खाच नसलेली डिजिटल एडिशन घेणाऱ्यांना, वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडला नाही तर, ही वाट बंद आहे, हे कन्सोल विकताना कोणी सांगत नाही.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. २०१४ मधल्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी वॉर्नर ब्रदर्सने पैसे देऊन व्हिडिओ करवून घेतले आणि ती गोष्ट प्रेक्षकांना पुरेशी स्पष्ट केली नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये कारवाई केली होती. करारात गेमबद्दल वाईट बोलायचे नाही आणि त्यातल्या चुका दाखवायच्या नाहीत अशी अट होती. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून असा मजकूर जाहिरात म्हणून ठळक दाखवण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आहेत. तेव्हा व्हिडिओच्या कोपऱ्यात तशी पट्टी आहे का ते पाहावे, आणि पट्टी नसली तरी गेमच्या चुका एकदाही न दाखवणाऱ्यावर फार भिस्त ठेवू नये.

पडवीतला यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे आभार. माझ्या पीएस५ला डिस्कची खाच आहे, त्यामुळे डिस्कवाला यांचा मार्ग मला लागू पडतो. एक शंका राहते : ‘कोणत्या यंत्रावर’ ही ओळ सापडली तरी, गेम साध्या पीएस५वर किती सुरळीत चालतो हे समीक्षक क्वचितच मोजून सांगतात. ते कुठे पाहावे?

प्रतिसाद ५ : सह्यवारा

त्यासाठी ‘डिजिटल फाउंड्री’चे व्हिडिओ पाहावेत. गेम चांगला की वाईट यात ते फारसे शिरत नाहीत. प्रत्येक यंत्रावर दर सेकंदाला किती चित्रे पडतात, गर्दीच्या प्रसंगात ती किती खाली येतात आणि कोणत्या सेटिंगमध्ये खेळणे बरे, हे आलेखासह दाखवतात. कन्सोलच्या प्रती हाती उशिरा आल्या तर त्यांचे विश्लेषण गेम बाजारात आल्यानंतर काही दिवसांनी येते. डिस्क घेणार असाल तर तेवढे थांबावे. दरम्यान चुका दुरुस्त करणारा पहिला पॅचही आलेला असतो आणि दुकानदारही छापील किमतीवरून थोडा खाली उतरलेला असतो.