अनुभव धागा: सिनेमातलं कोणतं मूल तुम्हाला आपलं वाटलं?

'दो कलियाँ' (१९६८) मी दूरदर्शनवर पाहिला, परळच्या चाळीत, शेजारच्या काकूंकडे जमिनीवर बसून. जुळ्या बहिणी अदलाबदल करून दुरावलेल्या आईबाबांना एकत्र आणतात. दोघीही बेबी सोनियानेच केल्यात, म्हणजे पुढच्या नीतू सिंगने. मी नऊ वर्षांची. बाबा वेगळे राहायला लागून वर्ष झालेलं. मला बहीण नव्हती, म्हणून मी आईच्या नावाने आंतर्देशीय पत्र लिहिलं: 'तुम्ही या. मी रागावले नाही.' तिचं अक्षर गिरवण्यात दोन दुपारी गेल्या. बाबा आले. गॅलरीतच उभे राहिले, खिशातून ते निळं पत्र काढून माझ्या हातात दिलं, 'ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतंय बाळा,' म्हणाले आणि आई कामावरून यायच्या आत निघून गेले. कितीतरी वर्षं मला वाटायचं, शुद्धलेखन बरोबर असतं तर ते थांबले असते.

आईबाबांना जोडणं हे पोरांचं काम आहे, असं या सिनेमांनी किती जणांच्या मनात भरवलं असेल? तुमचं लिहा. वेगळे झालेल्या आईवडिलांनीही लिहा.

*

पार्ल्याहून. 'अकेले हम अकेले तुम' (१९९५) आईबरोबर थिएटरात पाहिला. शेवटी ते दोघं एकत्र येतात. दिवे लागले तरी आई खुर्चीखाली चप्पल शोधत राहिली. चप्पल तिच्या पायातच होती.

*

मी थोडं वेगळं सांगते. आमच्या घरात भांडण नव्हतं, अबोला होता. आईबाबा वेगळे झाले आणि मला रात्री झोप लागायला लागली. हे सुख कुठल्याच जुन्या सिनेमात मला दिसलं नाही. त्रास होता तो वेगळाच. एक घर गिरगावात, एक गोरेगावात. शुक्रवारी दप्तर घेऊन चर्नी रोडला गाडी पकडायची. टूथब्रश दोन होते, पण कंपासपेटी एकच, आणि ती कायम दुसऱ्या घरी राहायची. भूमितीच्या बाईंना काय सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

*

मुलुंड. मी बाप आहे. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) मुलाच्या ताब्याचा माझा खटला चालू असताना पाहिला, पाहायला नको होता. आई घर सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी बाप फ्रेंच टोस्ट करताना सगळी ओट्यावर सांडलवंड करतो, आणि शेवटी तेच टोस्ट दोघं मुकाट्याने, सराईतपणे करतात. बिली झालेल्या जस्टिन हेन्रीला आठव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं, ते उगाच नाही. आई आपल्या वाईट वागण्यामुळे गेली का, असं तो विचारतो तेव्हा मी टीव्ही बंद केला. नंतरचं दुसऱ्या दिवशी पाहिलं. अपील केलं तर मुलाला साक्षीला उभं करावं लागेल, असं वकील सांगतो, आणि बाप अपीलच सोडतो.

मी नाही सोडलं. पाच वर्षांखालचं मूल कायद्याने साधारणपणे आईकडे असतं, माझा सात वर्षांचा होता. बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जायच्या आदल्या रात्री मीच त्याला विचारलं, 'कुणाकडे राहायचंय?' आज तो चोवीस वर्षांचा आहे. तो प्रश्न मला अजून परत घेता आलेला नाही.

*

धागा काढणारी: मुलुंडकर दादा, जमलं तरच सांगा. काय म्हणाला तो?

*

'आजीकडे.'