ग्रिप्सकडे बघा

बालनाट्याची संस्था मे महिन्याच्या सुट्टीपलीकडे वाढत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स या बालनाट्यगृहाची पद्धत १९८६ मध्ये पुण्यात आणली, पुढे महाराष्ट्र कल्चरल सेंटरने ती सांभाळली. तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात! बालनट वर्षभरात उंच होतात, परीक्षा येतात, संच मोडतो. मोठ्यांचा संच टिकतो आणि नाटक पुन्हा पुन्हा लावता येतं. शिवाय राक्षस-पऱ्यांऐवजी घरातली भांडणं, शाळा, एकटेपणा. मुलं हे फार मन लावून बघतात. नव्या संस्थांनी नेपथ्यावर खर्च करण्याआधी नटांना नियमित मानधन द्यावं, असं मला मनापासून वाटतं.