मदत हवी आहे: नवीन गाडीची मागची बाजू घसरते, ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवू की चालू?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. आठ दिवसांपूर्वी गाडी घेतली, ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास. परवा एरंडोलच्या अलीकडे ढाब्यावरून डावीकडे वळून हायवेला लागत होतो, तर मागची बाजू उजवीकडे लेनमध्ये फेकली गेली. मागून ट्रक येत होता, थोडक्यात निभावलं. दुसरा त्रास असा की ओव्हरटेकला पाय दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम उसळी मारते. मित्र म्हणतो ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की ताकद कापणारी यंत्रणा) बंद कर, त्याच्यामुळेच गाडी अडते. बंद ठेवू की चालू? पुढच्या शनिवारी पुण्याला जायचं आहे, लवकर सांगा.

मागचं_चाक
कोणती गाडी? ताकद मागच्या चाकांना की चारही? ऑटोमॅटिक की मॅन्युअल? कोणत्या मोडमध्ये होती? टायर कोणते? एवढं कळल्याशिवाय बंद-चालू काय सांगणार?

खोटेनगरकर
त्या गाड्यांचं नाक खाली असतं भाऊ. आपल्याकडच्या गतिरोधकावर तिरकी घाला, एकेक चाक चढवा, पुढची लिप वाचेल. आणि सिरॅमिक कोटिंग आत्ताच करून घ्या, धूळ बघता.

गिरणाकाठ
मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही८, ऑटोमॅटिक, मागची चाकं. स्पोर्ट प्लस मोडमध्ये चालवतो, नॉर्मलमध्ये सुस्त वाटते. टायर चांगले आहेत, नक्षी भरपूर आहे. गतिरोधकाचं विचारलं नव्हतं.

मागचं_चाक
मस्टँग म्हणजे सेकंडहँड. 'नवीन' म्हणालात म्हणून शोरूमची समजलो. मग एक काम आत्ता करा. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेरून सापडली नाही तर आतल्या बाजूला बघा, पुढची चाकं वळवली की दिसते, मागच्यांसाठी मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली वाकावं लागेल. चारही टायरचे आकडे इथे टाका, एकाचे टाकून भागणार नाही.

व्हीआठ_प्रेमी
टायर-बियर ठीक आहे, पण मित्राचं बरोबर आहे. सगळं बंद करून मोकळ्या रस्त्यावर गाडी दोन-चारदा सोडवली की हाताला समजतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर कोणी ड्रायव्हर होत नाही. शिवाय मागे अजून रुंद टायर टाका, पकड वाढेल.

वाघूरची
'मोकळा रस्ता' म्हणजे कोणता? आपल्या हायवेला मोकळा समजलेल्या तुकड्यावरही चुकीच्या बाजूने दुचाकी येते, केळीची ट्रॉली मधेच वळते. सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडीला गिरकी घेऊ न देणारी जोडयंत्रणा) बंद करायचं नाही, यात वादाला जागा नाही. आणि रुंद टायरचं म्हणाल तर पावसात ते उलट पडतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि नक्षी झिजलेली असेल तर तो लवकर पाण्यावर तरंगतो. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमी चालते, पण एवढ्या रुंद टायरला पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली जाऊ देऊ नये.

गिरणाकाठ दादा, ढाब्याच्या तोंडाशी रस्ता ओला होता का? आणि घसरली तेव्हा डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला की आधीपासून स्थिर पेटलेला होता?

गिरणाकाठ
पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. दिवा लुकलुकला. म्हणजे ट्रॅक्शन चालू असूनही घसरली, म्हणून तर विचारतोय!

वाघूरची
लुकलुकला म्हणजे यंत्रणा काम करत होती. 'ऑफ' लिहिलेला दिवा स्थिर पेटलेला असता तर ती बंद होती असं समजायचं. ती चाक घसरू लागल्यावर जागी होते, घसरायच्या आधी नाही. घसरलं की ती ताकद कापते आणि एकेका चाकाचा ब्रेक लावते. पण रस्त्याला टायरची पकडच नसेल तर ती पकड कुठून आणणार? तिने कापलं म्हणूनच गाडी अर्धी गिरकी न घेता नुसती सरकली.

आता ढाब्याचं. आवारातून ट्रक आणि ट्रॅक्टर काळी माती टायरला घेऊन डांबरावर येतात. पाऊस पडून गेल्यावर तिचा पातळ थर राहतो आणि डांबर नुसतं ओलं दिसतं. बोटाने पुसून बघा, तुपासारखी लागते. जोडीला उभ्या ट्रकांचं सांडलेलं डिझेल. तिथून निघताना तुमचं स्टिअरिंग डावीकडे वळलेलं, गाडी स्पोर्ट प्लसमध्ये आणि मागून ट्रक येतोय म्हणून पाय जोरात. वळणात मागच्या टायरची बरीच पकड गाडीला वळतं ठेवण्यातच खर्च झालेली असते. उरलेल्या पकडीवर ५०० न्यूटन-मीटरच्या वरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आला की चाक सुटणारच.

म्हणून नियम एवढाच: स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकाच पाय खाली. आधी सरळ, मग ताकद. आणि मागून ट्रक येत असेल तर तो जाऊ द्या, मग निघा.

गिअर_तिसरा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. ओव्हरटेकची उसळी हा बिघाड नाही, किकडाऊन आहे. ८० ला गाडी सहाव्यात असते. पाय पूर्ण दाबला की गिअरबॉक्स एकदम दोन-तीन गिअर खाली उतरतो. ते उतरेपर्यंतचा क्षण म्हणजे तुमचं 'काहीच होत नाही', आणि नंतर इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) आलेलं असतं म्हणून उसळी. हेच लेन बदलताना, स्टिअरिंग वळलेलं असताना झालं तर मागची बाजू पुन्हा सुटेल.

उपाय स्टिअरिंगमागच्या पॅडलवर आहे. ओव्हरटेकच्या आधी, गाडी सरळ असताना, डाव्या पॅडलने चौथा किंवा तिसरा घ्या. आरपीएम स्थिरावू द्या, समोरचं दिसू द्या, मग पाय हळूहळू वाढवा. मध्ये गिअर बदलणार नाही, उसळी येणार नाही. घाट उतरतानाही हेच, पण गिअर वळणाच्या आधी सरळ तुकड्यात कमी करा. ओल्या वळणात मध्येच खालचा गिअर पडला तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो.

व्हीआठ_प्रेमी
आणि घसरलीच तर काय करायचं ते तरी सांगा. झटकन पाय काढायचा आणि ब्रेक. सोपं आहे.

मागचं_चाक
झटकन नको. झटकन पाय काढला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आधीच सुटलेली बाजू जास्त सुटते. ताकदीने घसरली असेल तर पाय मऊपणे सैल करायचा, पूर्ण उचलायचा नाही. नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, ट्रककडे किंवा खांबाकडे बघायचं नाही, कारण हात नजरेमागे जातात. मागची बाजू उजवीकडे गेली तर स्टिअरिंगही उजवीकडे, आणि पकड परत येताच लगेच सरळ. बहुतेकांची गाडी पहिल्या घसरणीला फिरत नाही, स्टिअरिंग सरळ करायला उशीर झाला की उलट बाजूला फेकली जाते.

वाघूरची
बरोबर, पण अर्धंच. गाडी आडवी झाली, आता सावरत नाही असं दिसलं तर ब्रेक पूर्ण दाबायचा आणि थांबेपर्यंत सोडायचा नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. आडवी गाडी अचानक पकड मिळून समोरून येणाऱ्या लेनमध्ये घुसण्यापेक्षा आहे त्याच दिशेने घसरत थांबलेली बरी.

मागचं_चाक
मान्य. सावरण्याजोगी असेल तोवर मऊ पाय, त्यापलीकडे गेली की पूर्ण ब्रेक. आकडे कुठे आहेत भाऊ?

गिरणाकाठ
खाली वाकून बघितले. पुढचे दोन्ही २२२३. मागचे दोन्ही १४१७. मागच्यांची नक्षी पुढच्यांपेक्षा जास्त दिसते, म्हणजे मागचे चांगले ना?

मागचं_चाक
इथेच सगळं आहे. मागचे २०१७ च्या चौदाव्या आठवड्यातले, म्हणजे बहुधा गाडीबरोबर आलेले, आठ वर्षांहून जुने. पुढचे २०२३ चे. नक्षी खोल आहे कारण गाडी कमी चालली, पण रबर उन्हात आणि हवेत सुकून कडक झालं. आपल्याकडचा ४४-४५ अंशांचा मे महिना टायरने किती वेळा काढला बघा. नखाने दाबून बघा, पुढच्या टायरवर नख थोडं रुतेल, मागच्यावर नुसतं घसरेल. नक्षीच्या तळाशी आणि कडेच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतील.

आणि ही जोडी सगळ्यात वाईट. पुढे पकड चांगली म्हणून नाक हुकमी वळतं, मागे पकड कमी म्हणून शेपूट त्यामागे न येता बाहेर सरकतं. तुमच्या हाताला गाडी छान वळतेय असंच वाटणार, मागचं सुटेपर्यंत.

सातपुडा_पायथा
पयले टायर बदल भाऊ, बाकीनं मंग देख.

गिरणाकाठ
विकणाऱ्याने 'चारही टायर नवेकोरे' सांगितलं होतं. आता कोणते घेऊ? पुढचे मागे टाकून चालेल का?

मागचं_चाक
आधी मापं बघा. या गाडीला पुढचं आणि मागचं माप वेगळं असू शकतं, तसं असेल तर अदलाबदल होत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर माप आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. मागे दोन नवे घ्या, पुढच्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे. मापानंतर येणारा भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर स्टिकरवरच्यापेक्षा कमी नको. दुकानदार 'हे पण बसतं' म्हणाला तरी नाही. त्याच्याकडच्या टायरचीही तारीख वाचून घ्या, या मापाचे टायर गोदामात पडून असतात.

टायर बदलताना चारही चाकांची अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, नुसती पुढची नको. जुना टायर रिमवरून उतरला की आतली कड बघा. आतूनच जास्त झिजली असेल तर मागच्या चाकांचा कोन किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेले आहेत, आणि तसंच सोडलं तर नव्या टायरलाही मागची बाजू अस्थिरच राहणार.

खोटेनगरकर
नायट्रोजन भरा, उन्हात दाब वाढत नाही.

गिअर_तिसरा
वाढतो. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) चढतो, मग आत काहीही असो. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, घरच्या गेजने मोजा. वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर चार पीएसआय जास्त दिसेल, आणि तिथला मुलगा ती काढून टाकेल. मग गार झाल्यावर टायर कमी हवेवर.

वाघूरची
पुण्याच्या आधी सराव हवा असेल तर एक जागा सुचवते. जुलैत जिनिंगची (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची) आवारं रिकामी असतात, कापूस दिवाळीच्या आसपास येतो. काँक्रीटचं, किमान दोनशे मीटर सरळ आणि दोन्ही बाजूंनी मोकळं आवार असेल तर मालकाची परवानगी घेऊन सकाळी जा. आधी पायी चालून बघा: वजनकाट्याची कड, चेंबरचं झाकण, कापसाच्या गाठींच्या पट्ट्यांचे तुकडे, खांब.

बसण्यापासून सुरू करा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. मग ४० वरून पूर्ण ब्रेक. पेडल पायाखाली थरथरेल आणि कटकट आवाज येईल, तो एबीएसचा. बहुतेक लोक तिथेच घाबरून पाय सैल करतात. तो सैल न करणं हाच सराव. चार-पाच वेळा, मग ६० वरून, मध्ये ब्रेक गार होऊ द्या.

कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने ६० वरून साधारण १८ मीटर लागतात, १०० वरून ५०, १२० वरून ७०. हे फक्त ब्रेकचं अंतर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर १०० ला २८ मीटर त्यात मिळवा. ही गाडी १०० ला ६० सारखी शांत वाटते, म्हणून आकडा काट्यावर वाचायचा, अंदाजाने नाही.

व्हीआठ_प्रेमी
आवारात तरी ट्रॅक्शन बंद करू द्याल का?

वाघूरची
शिकवणारा शेजारी असेल तर. एकट्याने आणि खांबांच्या आवारात नाही.

सातपुडा_पायथा
पुण्याला कन्नड घाटाने नका जाऊ, पावसात धुकं आणि आखूड वळणं आहेत. धुळे, मालेगाव, नाशिक धरा. आणि अंधार पडायच्या आत पोहोचा, ट्रॉलीला मागे दिवा नसतो.

गिरणाकाठ
टायर सांगितले, बुधवारी जळगावात येतील. एका जिनिंगवाल्यांशी बोललो, शुक्रवारी सकाळी या म्हणाले. तोपर्यंत गाडी काढू का? आणि नवे टायर लावले की लगेच स्पोर्ट प्लस चालेल ना?

मागचं_चाक
तोपर्यंत उभी ठेवा. काढायचीच झाली तर कोरड्यात, गावातल्या गावात, स्नो-वेट मोडमध्ये. त्यात पेडल मऊ होतं, ताकद तीच राहते हे लक्षात ठेवा. नवे टायर लगेच धरत नाहीत, वरचा गुळगुळीत थर जायला दोनशे-तीनशे किलोमीटर लागतात. बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी भुसावळ रस्त्याला नॉर्मलमध्ये सावकाश फेऱ्या करा, शुक्रवारी आवारात फक्त सरळ ब्रेकचा सराव. पुण्याला जातानाही नॉर्मलच. अलाइनमेंटचा छापील कागद मिळाला की मागच्या चाकांचे आकडे इथे टाका, बघतो.