पीएचडीचा गाईड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा? (इम्युनॉलॉजी, मुंबई)

मुलुंडकर_एमएस्सी

नमस्कार. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय, जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळालीय आणि पीएचडी इम्युनॉलॉजीतच करायची हे नक्की आहे. घरी आजीचं बघावं लागतं, त्यामुळे मुंबई सोडता येणार नाही. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका सरांचा गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स 41 आहे, सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) साडेसात हजारांच्या वर. दुसऱ्या मॅडमचा 14, सायटेशन्स हजाराच्या आत. मॅडमचं काम मला मनापासून आवडतं: टीबीच्या रुग्णांमधल्या रेग्युलेटरी टी पेशी. सर म्हणाले, विषय आल्यावर ठरवू. मामांचं म्हणणं, आकडे बघ, पीएचडीनंतर पोस्टडॉकला तेच विचारतात. आठवड्याभरात कळवायचंय. या आकड्यांवर किती विसंबावं?

परळची_बेंच

तुझं वय आणि प्रश्न बघून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. मी परळच्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी रंगवून मशीनवर एकेक मोजायचं तंत्र) आहे.

आधी आकड्याचा अर्थ. एच-इंडेक्स 14 म्हणजे किमान 14 पेपर असे, की प्रत्येकाला निदान 14 सायटेशन्स आहेत. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप सुचवलं. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे सर निवृत्तीला आलेले असतील आणि मॅडमनी स्वतःची लॅब नुकती उभी केली असेल, तर दोघांची तुलना त्यावरून करूच नये. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ सगळं मोजतं. स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसवर तोच माणूस बघ, आकडा बहुतेक खाली येईल.

आता तू ज्या पेशींवर काम करू म्हणतोस त्यांचीच गोष्ट सांगते, कारण सायटेशन्स कशी चालतात हे तिथे फार स्वच्छ दिसतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी असतात, ही कल्पना सत्तरच्या दशकात जोरात होती. त्यांच्यावर आय-जे नावाची खूण असते असं मानलं जायचं. ऐंशीच्या सुरुवातीला डीएनएमध्ये शोधलं, तर तिचं जनुक जिथे असायला हवं तिथे नव्हतंच. सगळा विषयच बदनाम झाला, लोक दुसरीकडे वळले. जपानचे शिमोन साकागुची मात्र तिथेच राहिले. नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली की त्यांना ऑटोइम्यून आजार होतात, या जुन्या प्रयोगाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. 1995 मध्ये जर्नल ऑफ इम्युनॉलॉजीत त्यांनी दाखवलं की सीडी4 प्रकारच्या टी पेशींपैकी ज्यांच्यावर सीडी25 ही खूण आहे त्या काढून टाकल्या तर उंदीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतात, आणि परत दिल्या तर आजार टळतो.

तरी अनेकांचा विश्वास बसला नव्हता. 2001 मध्ये मेरी ब्रंकोव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाला स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांमध्ये फॉक्सपी3 हे जनुक सापडलं. ते दोघे विद्यापीठात नव्हते, एका बायोटेक कंपनीत होते. 2003 मध्ये साकागुचींच्या गटाने आणि इतरांनी फॉक्सपी3 चा या पेशींशी संबंध जोडला, आणि मग शंकेला जागाच उरली नाही. 2025 चं नोबेल या तिघांना मिळालं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: 1995 च्या पेपरमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं, बाकीचं क्षेत्र त्याच्यापर्यंत यायला वेळ लागला. 1996 मध्ये कुणी साकागुचींचा विद्यार्थी व्हायचं की नाही हे सायटेशन्स मोजून ठरवलं असतं, तर?

म्हणून आज रात्री एवढं कर. दोघांचे सर्वाधिक सायटेशन्सचे पाच-पाच पेपर उघड. नाव लेखकांच्या यादीत कुठे आहे ते बघ, शेवटी (तिथे बहुतेक लॅबप्रमुख असतो) की मधेच. पेपर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या कामाचा आढावा, आहे का ते बघ, कारण रिव्ह्यूला सायटेशन्स भरभरून मिळतात. मग 'सायटेड बाय' वर जाऊन चार-सहा पेपर खरंच वाच. प्रस्तावनेत आठ-दहा जणांच्या घोळक्यात एक नंबर म्हणून उल्लेख आहे, की कुणी ती पद्धत वापरून पुढचा प्रयोग केलाय?

रक्तपेढीवाला

ताईंच्या बोलण्यात एक भर घालतो. काही कामाचा उपयोग सायटेशन्समध्ये दिसतच नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप (ओ गटातही असणारा एच घटकच नसलेला दुर्मीळ रक्तगट) याचा पेपर 1952 मध्ये लॅन्सेटला आला, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांचा, आपल्याच मुंबईतला. आमच्याकडे असं रक्त फॉरवर्ड ग्रुपिंगला, म्हणजे रुग्णाच्या पेशी तपासताना, ओ दिसतं. रिव्हर्सला, म्हणजे रुग्णाचा सीरम तपासताना, ओ सेल्ससुद्धा गुठळी धरतात, तेव्हा आम्ही सावध होऊन रुग्णाच्या पेशींना अँटी-एच (एच घटक ओळखणारं द्रावण) लावतो. त्यालाही प्रतिसाद नाही, म्हणजे बॉम्बे असण्याचीच शक्यता. त्या रुग्णाला साधं ओ चढवलं तर जिवावर बेतेल. हे तपासताना रात्रपाळीचा टेक्निशियन कुठे पेपर लिहून संदर्भ देत नाही.

मुलुंडकर_एमएस्सी

ताई, दादा, मनापासून आभार. रात्री बसलो. सरांच्या पहिल्या पाचांपैकी तीन मोठे बहुकेंद्री (अनेक संस्थांनी मिळून केलेले) पेपर आहेत, नाव मधे कुठेतरी. एक रिव्ह्यू. मॅडमचा सर्वात जास्त सायटेशन्सचा पेपर त्यांच्याच लॅबचा आहे, पहिलं नाव विद्यार्थिनीचं. तीन वेगळ्या गटांनी त्यांचं स्टेनिंग पॅनेल (पेशी रंगवायच्या रंगांचा संच) जसंच्या तसं घेतलंय. मामांना दाखवलं, ते म्हणाले भेटून ये. काय विचारू?

परळची_बेंच

सर कमी दर्जाचे ठरत नाहीत बरं, बहुकेंद्री अभ्यास चालवायलाही माणसं लागतात. पण पहिलं नाव, म्हणजे मुख्य कामाचं श्रेय, विद्यार्थिनीचं आहे, हे तुझ्यासाठी 41 पेक्षा मोठं आहे.

मॅडमना भेटलास की दोन गोष्टी विचार. सायटोमीटर त्यांच्या विभागात आहे की दुसरीकडे स्लॉट मागावा लागतो? फॉक्सपी3 केंद्रकात असतं, पेशी फिक्स करून, आवरण सच्छिद्र करून रंगवायच्या, त्यात अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळी मशीन मिळालं नाही की नमुन्यांची वाट लागते. दुसरं, रुग्णांचं रक्त घ्यायला एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे का? ती यायची असेल तर पहिलं वर्ष कागदपत्रांत जाईल, ते धरूनच होकार दे. आणि निघताना त्या विद्यार्थिनीचा नंबर माग. तिच्याशी मॅडम समोर नसताना बोल.