कोकणात राहून पीएचडी : आधी फेलोशिप हवी की हाताशी गाईड?

जांभा
संशोधनाला पैसे नाहीत, हे सारखं कानावर येतं. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपला, 42,000. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आपलं पोर अडतं ते गाईडपाशी. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएचडी विद्यार्थी, एवढीच मुभा. इथल्या कॉलेजांत मान्यता असलेले गाईड मोजके. त्यांच्या जागा भरल्या की मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठा. कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, रत्नागिरीच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर), 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत, आणि त्यांवर काम करणाऱ्या मुलीने एकेक प्रकरण दाखवायला रात्रीची गाडी पकडायची! नवी फेलोशिप काढण्याआधी इथली रिकामी पदं भरा. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात अर्ज, सांख्यिकी आणि लेखनाला मदत करणारा पूर्णवेळ माणूस बसवा.

खाडीकाठ
तुमचां म्हणणां पटूक नाय, दादा. 37,000 मिळतात किती जणांना? जून 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ फक्त पहिल्या गटाला. तिसऱ्या गटाला पीएचडी प्रवेशाची पात्रता मिळते, रुपया नाही. बार्टी, सारथी, महाज्योती ठरावीक समाजांसाठी, तिथेही जागा मर्यादित. मालवण-देवगडच्या मच्छीमार घरातली मुलगी एमएस्सी झाली की घर विचारतं, नोकरी कधी? गाईड जवळ आला म्हणून तो प्रश्न सुटत नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएचडीवाल्यांनाही महिना 8,000 देतात. राज्य विद्यापीठातल्यांनी काय घोडं मारलंय?

किनारपट्टी
फील्डवर्कच्या खर्चाबद्दल कुणीच बोलत नाही. जेआरएफवाल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चाला वर्षाकाठी 12,000 मिळतात. समुद्रातले नमुने आणायचे तर होडीचं भाडं, डिझेल, बर्फ, वर प्रयोगशाळेची फी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. एप्रिलचे पैसे ऑगस्टात आले की उन्हाळी नमुने गेले, आणि सोबत वर्ष गेलं. माझ्या मते रक्कम आणि गाईड दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे. सहा-सहा महिन्यांची फेलोशिप एकदम जमा होते, तोवर मेसवाल्याकडे उधारी.

जांभा
किनारपट्टी, हे तर माझ्याच बाजूचं झालं. पैसे का रखडतात? हजेरीचा दाखला, गाईडची सही, प्रगती अहवाल, यातला एक कागद राहिला की हप्ता थांबतो. मुलगा रत्नागिरीत, सही मुंबईत. पाठपुरावा करणारा माणूस इथे असता तर निम्मी रखडपट्टी टळली असती.

किनारपट्टी
निम्मी नाही. कागद पूर्ण असूनही वरून निधीच सुटलेला नसतो. तिथे तुमचा माणूस काय करणार?

खाडीकाठ
माणूस बसवायला माझी ना नाही. पण त्याच्या पगाराची तरतूद झाली आणि पोरीच्या हातात काहीच पडलं नाही, तर ती घरच्यांना सांगणार काय? राज्याने पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्या, दुसरी फेलोशिप नसलेल्या प्रत्येकाला निदान 8,000 द्यावेत, आणि दर महिन्याला. उपकेंद्राचं त्यानंतर बोलू.