भाऊच्या धक्क्यावर पाच तास कुठं काढावे? मदत हवी आहे

आम्ही आर्वी तालुक्यातले. परवा विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरून भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी) बोट धरायची होती. आता मेसेज आला, सकाळची रद्द, दुपारची मिळेल. रेल्वेचं तिकीट बदलून पाहिलं, सगळं वेटिंग.

सोबत आई, तीन वर्षांचा पोरगा आणि बहिणीसाठी ज्वारीचं अर्धं पोतं. आईचे गुडघे जिने चढू देत नाहीत. माळकरी आहे, धक्क्यावरच्या मासळीबाजाराचा वास तिला सोसणार नाही. पोराला मात्र बोटी पाहायच्याच आहेत. आजवर त्यानं वर्धा नदीचंच पाणी पाहिलंय.

धक्क्याजवळ पोतं ठेवायची सोय, स्वच्छ संडास, आईला घटकाभर आडवं होता येईल अशी जागा आहे का? की सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्येच थांबून उशिरा टॅक्सी करावी?