मदत हवी आहे : करंगळीला दाबणारे वर्क बूट ठेवावेत की बदलावेत?

दिवसभर उभ्याने काम करण्यासाठी फुल-ग्रेन (वरचा थर न घासलेल्या) चामड्याचे, गुडइयर वेल्ट पद्धतीने शिवलेले, म्हणजे तळ झिजल्यावर तो बदलता येईल असे बूट मी निवडले आहेत. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजे घालून पाहिले असता अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते आणि चवड्याचा रुंद भाग बूट वाकतो तिथेच नेमका बसतो. मात्र करंगळीच्या बाजूला चामडे दाबते. टाचही थोडी उचलली जाते, पण नवा कडक तळ वाकू लागला की ते कमी होते, म्हणून त्याची मला चिंता नाही. चामडे रुंदीत थोडे सैलावते (बुटांच्या पुढच्या टोकात बोटांच्या रक्षणाची, न ताणणारी पोलादी टोपी नाही), तेव्हा हा दाब वापराने जाईल, की त्याच लांबीचा रुंद जोड घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.